शुश्रूषा : आधी ऐकणे, मग उपचार



रविवारची मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात आपण एकमेकांना भेटतो, तेव्हा पहिली विचारपूस तब्येतीची असते. कोणाच्या आईची साखर वाढलेली असते, कोणाच्या वडिलांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवलेले असते, कोणाची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते. दुसरीकडे, आपल्यातील कितीतरी मुली आणि सुना परिचारिका म्हणून काम करतात. कोणी लोणीला, कोणी श्रीरामपूरला, कोणी नगरला, तर कोणी पुण्या-मुंबईला. म्हणजे आजारी माणूस आणि त्याची सेवा करणारी व्यक्ती, दोघेही आपल्याच घरातले. म्हणून आजच्या पाठात आपण रुग्णसेवेचा विचार करू. ही सेवा केवळ औषध-इंजेक्शनाची नसून करुणेची कशी होईल, आणि वेगळ्या धर्माचा, जातीचा किंवा रीतीचा रुग्ण समोर आला तर प्रभूच्या शिष्याने कसे वागावे, हे समजून घेण्याचा प्रयत्न करू.

शब्दातच धडा आहे

रुग्णाच्या सेवेला आपल्या मराठीत ‘शुश्रूषा’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा करणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला. आपल्या पूर्वजांनी या सेवेला औषधावरून नाव दिले नाही, ऐकण्यावरून दिले. जो ऐकत नाही तो औषध देऊ शकेल, मलमपट्टीही करू शकेल, पण शुश्रूषा करू शकणार नाही.

दुसरा शब्द ‘सिस्टर’. आपल्याकडे दवाखान्यात कोणत्याही धर्माच्या परिचारिकेला सर्रास ‘सिस्टर’ अशी हाक मारतात. युरोपात शतकानुशतके आजाऱ्यांची सेवा व्रतस्थ भगिनींनी केली. त्यांच्यावरून हे नाव इंग्रजांच्या दवाखान्यांत रुळले आणि तिथून आपल्याकडे आले. म्हणजे रुग्ण जेव्हा ‘सिस्टर’ म्हणतो, तेव्हा तो नकळत बहिणीचे नाते जोडत असतो. त्या हाकेला बहिणीसारखे उत्तर मिळते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रभू येशूने आधी विचारले

शुभवर्तमानात प्रभू येशूने आजाऱ्यांना बरे केल्याचे अनेक प्रसंग आहेत. आपण चमत्काराकडे पाहतो आणि त्याच्या आधी काय घडले ते वाचायचे विसरतो. तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग बार्तीमयाचा (मार्क १०:४६-५२). यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला हा आंधळा भिकारी मोठ्याने हाका मारतो, तेव्हा लोक त्याला दटावून गप्प करतात. येशू मात्र थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि त्याच्यासाठी आपण काय करावे असे त्यालाच विचारतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे सांगायला ज्ञानी माणूस लागत नाही. तरीही प्रभूने विचारले. जन्मभर ज्याच्या वतीने दुसरेच बोलत आले, त्याला स्वतःच्या तोंडाने आपली गरज सांगण्याचा मान मिळाला. दृष्टी नंतर मिळाली, प्रतिष्ठा आधी मिळाली.

दुसरा प्रसंग बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीचा (मार्क ५:२५-३४). अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले होते आणि जवळचा सारा पैसा संपला होता, असे मार्क मुद्दाम सांगतो. येशू तेव्हा याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईने निघाला होता. त्या घाईतही तो थांबला. ती स्त्री भीत भीत पुढे आली आणि तिने सर्व हकीकत सांगितली. ती बरी तर आधीच झाली होती. मग थांबायचे कारण काय? कारण तिचे कोणी ऐकले नव्हते. प्रभूने तिला मुलगी म्हणून संबोधले आणि मगच तो पुढे गेला.

तिसरा प्रसंग कुष्ठरोग्याचा (मार्क १:४०-४५). प्रभूला केवळ शब्दाने बरे करता आले असते. पण त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. ज्याला वर्षानुवर्षे कोणी शिवले नव्हते, त्याच्यासाठी तो स्पर्श हेच पहिले औषध होते.

विचारणे, ऐकून घेणे आणि स्पर्श करणे ही प्रभूची रुग्णसेवा. हीच शिकवण त्याने दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) एकत्र गुंफली. याजक आणि लेवी यांनीही जखमी माणसाला पाहिले होते. फरक एवढाच की शोमरोनी जवळ गेला. तो दुसऱ्या समाजाचा, यहुद्यांच्या दृष्टीने हलका मानलेला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली, दोन दीनार दिले आणि परत येण्याचे वचन दिले. एकदा मलमपट्टी करून तो मोकळा झाला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर लिहिलेल्या पत्रात हाच दाखला उलगडून दाखवला आणि दुःखी माणसाजवळ जो थांबतो तो प्रत्येक जण दयाळू शोमरोनी होय, असे शिकवले. पुढे १९९२ साली त्यांनी जागतिक रुग्ण दिन ठरवला. १९९३ पासून तो दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द्सच्या मरियामातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभेत पाळला जातो.

आपल्याच जिल्ह्यातील साक्ष

हे सर्व दूरच्या देशातले आणि जुन्या काळातले वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील जामखेडकडे पाहू. डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्या जिल्ह्याचेच सुपुत्र. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण प्रभूच्या नावाने गरिबांची सेवा करण्यासाठी त्यांनी आयुष्य वाहिले. १९६० च्या दशकात वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरे करून घरी पाठवलेले रुग्ण पुन्हा त्याच आजारांनी परत येतात. आजाराचे मूळ घरात, पाण्यात, उपासमारीत आणि भेदभावात होते. ते मूळ दवाखान्याच्या खाटेवर बरे होणार नव्हते.

अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. काळ दुष्काळाचा होता. गावात जाऊन त्यांनी प्रथम लोकांना विचारले, तुम्हाला काय हवे? लोकांनी औषध मागितले नाही. त्यांनी अन्न आणि पाणी मागितले. तेव्हा डॉक्टर असूनही त्यांनी आधी मुलांच्या जेवणाची सोय पाहिली आणि गावोगावी कूपनलिका खोदण्यास मदत केली. त्यातही एक गोष्ट त्यांनी विचारपूर्वक केली. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याच वस्तीत सारा गाव हंडे-कळश्या घेऊन येऊ लागला.

मग परिचारिकांचा प्रश्न आला. शिकलेल्या नर्सबाई गावात एकट्या राहणे कठीण होते आणि बाहेरून आलेल्या बाईशी गावच्या स्त्रिया मोकळेपणाने बोलतही नसत. तेव्हा गावातल्याच स्त्रिया निवडायचे ठरले. त्यांतील बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला शिकायला येत. तिथे सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत आणि एकत्रच झोपत. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, बाळाचे वजन आणि जुलाबावरचे साधे उपचार त्या शिकल्या. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी जागा न ठेवता त्यांच्यावर इतरांबरोबरच उपचार करण्याची पद्धत तिथे पडली.

सुरुवातीला काही घरांनी या बायांना उंबरा ओलांडू दिला नाही. पण रात्री-अपरात्री सून अडली, नातवंड तापाने फणफणले, की याच बाईला बोलावणे येऊ लागले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या हातांत गावाने आपली नवजात बाळे दिली. बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी तो विटाळ सोसला आहे. म्हणून ही गोष्ट वाचताना आपले डोळे पाणावले तर नवल नाही. त्याचबरोबर, ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांच्या वंशजांनी आज कोणत्याही रुग्णाला शिवताना हात आखडता घेऊ नये, ही जबाबदारीही आपल्यावर येते.

त्या कामाचे फळ आकड्यांतही दिसले. १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात ही संख्या तिसाच्या खाली आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली प्रभूघरी गेले.

या आरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहात मोठी झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी सांगितले की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि दूरचे. मग त्यांनी पिशवीतून साध्या वातीचे दिवे काढले. एका दिव्याने दुसरा दिवा लावून दाखवला आणि आपल्यासारख्या बाया हे दिवे आहेत, एकीकडून दुसरीकडे उजेड नेता येतो, असे समजावले. पास्काच्या रात्री मेणबत्तीवर मेणबत्ती पेटवणाऱ्या आपल्याला हा दाखला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

माणसाचा मान आणि रूढीचा मान

रुग्ण आपल्या शरीराबरोबर आपली श्रद्धा, आपली भाषा, आपल्या भीती आणि सवयीही दवाखान्यात घेऊन येतो. वारकरी आजोबांच्या गळ्यातील तुळशीची माळ, मुस्लिम भगिनीचा बुरखा, जैन रुग्णाचा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचा नेम आणि आपल्या आजीच्या उशाखालची रोझरी या सर्वांना सारखाच मान हवा. तपासणीसाठी माळ काढावी लागत असेल तर ती विचारून काढावी आणि जपून ठेवावी. पडदा ओढून घ्यायला अर्धे मिनिट लागते. अकोले तालुक्यातून आलेल्या आदिवासी मावशीला आपले भराभर बोलणे समजले नाही, तर दोष तिचा नाही.

ज्या वेल्लोरला आरोळे दांपत्य शिकले, त्या संस्थेचा उगमच अशा एका दुःखातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ प्रांतात एका रात्री तीन पुरुष तरुण आयडा स्कडर यांच्या दारी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने आपल्या बायकोला तपासणे त्यांना मान्य नव्हते आणि आयडा तेव्हा डॉक्टर नव्हत्या. तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. आयडा पुढे डॉक्टर होऊन परत आल्या. त्यांनी वेल्लोरला १९०९ साली परिचारिकांचे शिक्षण आणि १९१८ साली स्त्रियांचे वैद्यकीय शिक्षण सुरू केले.

या गोष्टीला दोन बाजू आहेत. त्या नवऱ्यांची रूढी जीवघेणी होती, हे खरे. पण आयडाने त्यांना शिव्याशाप देण्यात आयुष्य घालवले नाही. त्या स्त्रियांना स्वीकारता येईल अशी सेवा त्यांनी उभी केली. आपणही हा फरक ओळखावा. माणसाचा मान राखणे म्हणजे प्रत्येक रूढी मान्य करणे नव्हे. जुलाब लागलेल्या बाळाचे पाणी तोडणे, बाळ मोठे होऊन अडेल म्हणून गरोदर बाईला कमी जेवू घालणे, शिवाशीव पाळणे या रूढी बदललीच पाहिजेत. मात्र त्या रागावून बदलत नाहीत. जामखेडच्या बाया स्वतः त्याच समजुतींत वाढल्या होत्या, म्हणून त्यांनी कोणाला अडाणी म्हटले नाही. शेजारी बसून, स्वतःचा अनुभव सांगून, करून दाखवून त्यांनी पटवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे, हा साधा उपाय घराघरांत असाच पोचतो. आणि बाळ मलूल दिसले, त्याचे पाणी पिणे थांबले किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे.

परिचारिका असलेल्या आपल्या मुलींना

मुलींनो, तुमचे काम कष्टाचे आहे हे आम्ही जाणतो. रात्रपाळी, भरलेला वॉर्ड, तुटपुंजी माणसे आणि नातेवाइकांची आरडाओरड. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात आपल्या जिवाची पर्वा न करता तुम्ही उभ्या राहिलात. म्हणून हा उपदेश नाही, आठवण आहे.

रुग्णाला खाटेच्या नंबराने नव्हे, नावाने किंवा ‘आजी’, ‘काका’, ‘ताई’ अशा नात्याने हाक मारा. इंजेक्शन देण्याआधी काय देत आहात ते एका वाक्यात सांगा. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीची कुटुंबे कोपी घालून राहतात. त्यांतील बाई उशिरा दवाखान्यात आली, तर ‘इतके दिवस काय करत होतीस’ असे खेकसण्याआधी तिला बसवून कारण विचारा. एक दिवस काम चुकले तर तिचा खाडा धरला जातो आणि मजुरीतून पैसे कापले जातात, हे उत्तर मिळेल. मग औषध असे द्यावे लागेल, जे तिला फडात घेता येईल. हे उत्तर विचारल्याशिवाय केसपेपरवर येत नाही.

आणि रुग्णाचे गुपित जपा. क्षयरोग, एच.आय.व्ही., मनाचा आजार, कुमारिकेची अडचण, जे वॉर्डात कळले ते वॉर्डातच राहावे. धर्मग्रामातील ओळखीचा माणूस असेल तर दुप्पट जपावे.

घरी आणि धर्मग्रामात

परिचारिका आठ तास सेवा करते. घरच्या माणसाला दिवसाचे चोवीस तास करावी लागते. बहुतेक वेळा हा भार एका सुनेवर किंवा एका मुलीवर पडतो. तिला आठवड्यातून एखादी दुपार मोकळी मिळावी, म्हणून शेजारच्या घराने तासभर रुग्णाजवळ बसणे ही मोठी प्रेमसेवा आहे. अंथरुणावरच्या वडिलांना काय खावेसे वाटते, खिडकी उघडी हवी की बंद, कोणाला भेटायचे आहे, हे त्यांनाच विचारा. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी ते नसल्यासारखे बोलू नका.

आजाऱ्याला भेटायला जाताना जास्त वेळ बसू नये, ‘आमच्या अमक्याला हेच झाले होते आणि तो गेला’ अशा गोष्टी सांगू नयेत, आणि ‘पापाची शिक्षा’ असे तर चुकूनही म्हणू नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तसे विचारले तेव्हा प्रभूने ते साफ नाकारले (योहान ९:१-३).

आणखी एक गैरसमज दूर करू. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी फादरांना बोलावले की आता शेवट आला, असे समजून अनेक घरे ते टाळतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजारात किंवा वार्धक्याच्या अशक्तपणात तो योग्य वेळीच घ्यावा. संत याकोबाने आपल्या पत्रात (५:१४-१५) आजाऱ्याने ख्रिस्तमंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे, ते सामर्थ्य मिळावे म्हणून. इथेही रुग्णालाच विचारावे. पुष्कळदा त्याला फादर हवे असतात, भीती आपल्यालाच वाटत असते.

कुटुंबात चिंतनासाठी

१. आपल्या घरातील आजारी किंवा वृद्ध व्यक्तीला ‘तुम्हाला काय हवे?’ असे आपण शेवटचे कधी विचारले?

२. रुग्णाची जात, धर्म, गरिबी किंवा आजार पाहून आपला हात कधी आखडला आहे का?

३. दवाखान्यातील परिचारिकेशी, आयाशी आणि सफाई कामगाराशी आपण कसे बोलतो?

या आठवड्याचा संकल्प : आपल्या वाडीतील किंवा गल्लीतील एका रुग्णाच्या घरी जाऊ. पंधरा मिनिटे बसू. त्यांतील दहा मिनिटे फक्त ऐकू.

प्रार्थना

हे प्रभू येशू, रस्त्याच्या कडेला बसलेल्या आंधळ्याची हाक तू ऐकलीस आणि त्याच्याजवळ थांबलास. आमच्या धर्मग्रामातील सर्व रुग्णांना धीर दे. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर आणि घरच्या माणसांचे थकलेले हात बळकट कर. ज्यांना कोणी शिवत नाही त्यांना शिवण्याचे, ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचे ऐकण्याचे धैर्य आम्हांला दे. रुग्णांचे आरोग्य असलेल्या मरियामाते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.